हर्बी हॅनकॉकने जोनी मिचेल आधी वाचली, मग वाजवली

पुण्यात पियानो शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "पियानो, बेस आणि ड्रम्स असा आमचा तिघांचा ट्रायो आहे. जोनी मिचेलची पाच-सहा गाणी घेऊन तासाभराचा कार्यक्रम करायचा आहे. त्यासाठी हर्बी हॅनकॉकचा 'रिव्हर : द जोनी लेटर्स' ऐकला. त्यातलं 'बोथ साइड्स नाऊ' तीनदा ऐकूनही मूळ गाणं मला सापडलं नाही. इतकं बदलल्यावर ते तिचं गाणं उरतं का? आणि आम्ही वाजवतो तेव्हा एकतर नुसती नक्कल होते, नाहीतर हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसं गुळगुळीत काहीतरी. नेमकं कुठे चुकतंय?"

बाकीच्या वाचकांसाठी एवढंच : जोनी मिचेल ही स्वतः गाणी लिहून गाणारी गायिका, हर्बी हॅनकॉक हा जॅझ पियानोवादक, आणि 'रिव्हर : द जोनी लेटर्स' हा त्याने २००७ साली तिच्या गाण्यांवर केलेला अल्बम. तुझ्या प्रश्नाचा शेवट आधी घेतो, कारण त्या खड्ड्यात मी स्वतः बरीच वर्षं होतो. मुंबईतल्या एका हॉटेलात संध्याकाळी सात ते अकरा आम्ही वाजवत असू. डिसेंबरमध्ये यादीत नाताळची गाणी हवीत, अशी मागणी असायची. जोनीचं 'रिव्हर' पियानोवर 'जिंगल बेल्स'च्या सुरांनी सुरू होतं, एवढ्या ओळखीवर मी ते यादीत टाकलं आणि छान हलत्या बोसा नोव्हाच्या ठेक्यात बसवलं. आमच्याबरोबर बेसवर एक वयस्कर गोवेकर अंकल असायचे. दुसऱ्या कडव्यात त्यांनी वाजवणं थांबवलं आणि बेसवर हात ठेवून उभे राहिले. मध्यंतरात चहा घेताना एवढंच म्हणाले, "अरे बाबा, ती बाई तिथं रडते आहे आणि तू तिला नाचवतोस."

त्या रात्री घरी जाऊन मी ते गाणं पहिल्यांदा वाचलं. सूर मला वर्षानुवर्षं पाठ होते, पण शब्द माहीत नव्हते. नाताळ आला आहे, लोक झाडं तोडून आणताहेत, आणि ज्याच्यावर जीव होता त्याला आपणच दुखावून गमावलं आहे अशी एक बाई म्हणते की गोठलेली नदी मिळाली असती तर स्केट्स घालून दूर निघून गेले असते. ती कॅनडाच्या बर्फात वाढलेली आहे आणि राहते कॅलिफोर्नियात, जिथे बर्फ पडत नाही. सुरुवातीचं ते 'जिंगल बेल्स' म्हणजे दुसऱ्यांच्या घरातला सण आहे, रस्त्यावरून ऐकू येणारा. त्यावर मी बोसा वाजवत होतो.

तुमचं चुकतंय ते बहुधा इथेच. सूर आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) यांच्यापासून सुरुवात करून शब्दांपर्यंत तुम्ही पोचतच नसाल. जॅझच्या शिक्षणाने आपल्याला ती सवय लावली आहे, त्यामुळे दोष एकट्या तुझा नाही.

आपण जॅझ शिकतो ते स्टँडर्ड्सवर, म्हणजे सगळेच वाजवतात अशा जुन्या गाण्यांवर. 'ऑटम लीव्हज', 'समरटाइम' अशी ही गाणी नाटकांसाठी, ऑपेरासाठी किंवा सिनेमासाठी लिहिलेली, आणि त्यांत चाल करणारा वेगळा, शब्द लिहिणारा वेगळा, गाणारा तिसराच. 'ऑटम लीव्हज'चं खरं, मूळ, अधिकृत रूप कोणतं असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, कारण ते गाणं जन्मापासूनच कुणा एकाचं नव्हतं. त्यातून या गाण्यांतले बरेचसे कॉर्ड सतत पुढे सरकणारे असतात. सी मेजरमध्ये डी मायनर, मग जी सेव्हन, मग सी : हे दोन-पाच-एक (सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या, पहिल्या सुरावरचे कॉर्ड) म्हणजे जॅझवाल्याचा रियाजाचा रस्ताच. बत्तीस बारांचा आराखडा, त्यावर हेड, म्हणजे गाण्याची चाल, वाजवायचं, आळीपाळीने सोलो घ्यायचे, पुन्हा हेड. इथे शब्द विसरलीस तरी गाडी चालते.

स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गिटार किंवा पियानो घेऊन गाणाऱ्या माणसाच्या गाण्याला हा आराखडा लागू पडत नाही. तिथे शब्द, चाल, आवाज आणि साथ एकाच डोक्यातून आलेली असतात. 'ब्लू' हा १९७१ सालचा अल्बम आपल्या कानांत जोनीच्या श्वासासकट बसलेला आहे. म्हणून तुम्ही मूळच्या जवळ गेलात की नक्कल होते. लांब जाऊन नुसते कॉर्ड घेतलेत की हाती फारसं काही लागत नाही, कारण त्या कॉर्डना पुढे कुठे जायची घाई नसते. त्यांवर दोन-पाच-एकच्या सवयीने बोटं फिरवली की लॉबी तयार होते.

जोनीच्या कॉर्डबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पियानोवाल्यांना हे क्वचितच कुणी समजावतं. वयाच्या नवव्या वर्षी तिला पोलिओ झाला. डावा हात अशक्त राहिला. गिटारवर नेहमीचे कॉर्ड धरणं जड जायचं म्हणून तिने तारा वेगवेगळ्या सुरांत लावून घ्यायला सुरुवात केली, आणि आयुष्यभरात अशी सुमारे पन्नास ट्यूनिंग्ज वापरली. त्यातलं एक साधं घे : डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. डी ला सा मान, म्हणजे सा-प-सा-ग-प-सा. तंबोऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं. 'बोथ साइड्स नाऊ' याच घडणीतलं गाणं आहे. खालचे सूर घुमत राहतात आणि वर दोन-तीन बोटं हलतात, त्यामुळे कॉर्ड बदलला तरी पायाखालची जमीन बदलत नाही.

यातून सस कॉर्ड आपोआप निघतात. सा-ग-प हा मेजर. गंधार कोमल केला की मायनर. गंधार काढून टाकून त्या जागी मध्यम ठेवला की सस. आनंदी की दुःखी हे सांगणारा सूरच गायब होतो. जुन्या पद्धतीच्या शिकवणीत असा कॉर्ड लवकर सोडवून मोकळं व्हावं असं सांगतात. जोनी एकावरून दुसऱ्यावर जाते आणि सोडवतच नाही. तिने स्वतःच त्यांना चौकशी करणारे कॉर्ड म्हटलं आहे. तिची गाणी वाचलीस तर कळेल की त्यांत बाई बहुतेक वेळा काहीतरी ठरवू न शकलेली असते. तिला दोन्ही खरं वाटत असतं. म्हणजे कॉर्ड शब्दांच्या बाजूने उभा आहे. तू तो 'नीट' सोडवलास की तिच्या तोंडून उत्तर वदवून घेतेस, जे तिने दिलेलंच नाही.

सुरुवातीला तिच्याबरोबर वाजवताना रॉकवाले ड्रमर आणि बेसवाले अडखळायचे. अखेर एका ड्रमरनेच तिला सुचवलं की तुला जॅझवाले लागतील. १९७४ च्या 'कोर्ट अँड स्पार्क'वर टॉम स्कॉटचा एल. ए. एक्स्प्रेस हा जॅझवाल्यांचा संच आला, १९७६ च्या 'हेजिरा'वर जॅको पास्टोरियसचा फ्रेटलेस (पडदे नसलेला) बेस, १९७७ पासून वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन. त्यानंतर जॅझमधला मोठा बेसवादक आणि संगीतकार चार्ल्स मिंगस याने तिला बोलावलं. तो तेव्हा मोटर न्यूरॉनच्या आजाराने खुर्चीला खिळला होता. तिच्यासाठी त्याने चाली केल्या आणि शब्द लिहायचं काम तिच्यावर सोपवलं. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत तो गेला, आणि त्याच वर्षी तिचा 'मिंगस' अल्बम आला. त्यात पियानोवर हर्बी हॅनकॉक, सॅक्सोफोनवर शॉर्टर, बेसवर जॅको. 'गुडबाय पोर्क पाय हॅट' ही मिंगसने लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाच्या आठवणीत केलेली १९५९ सालची चाल, तिच्यावरही जोनीने शब्द लिहिले. तिने जॅझला शब्द दिले ते असे, हॅनकॉकने तिची गाणी घेण्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी. हे मुद्दाम सांगतो, कारण २००७ चा अल्बम ऐकून 'मोठा जॅझवाला लोकप्रिय गाण्यांकडे वळला' असं बरेच जण म्हणतात. मूळ गाण्यांच्या घडणीतच हे लोक होते.

आता 'द जोनी लेटर्स'. निर्माते दोघं, हॅनकॉक आणि लॅरी क्लाइन. क्लाइन स्वतः बेसवादक आणि जोनीचा पूर्वीचा नवरा. वादक हॅनकॉक, शॉर्टर, बेसवर डेव्ह हॉलंड, ड्रम्सवर व्हिनी कोलायुटा, गिटारवर बेनिन देशातून आलेला लायोनेल लुएके. हॅनकॉकने मुलाखतींमध्ये मोकळेपणाने सांगितलं आहे की वादक म्हणून त्याने तोवर गाण्यांच्या शब्दांकडे फारसं लक्ष दिलेलं नव्हतं. साठी ओलांडलेला, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला माणूस हे म्हणतो. मग त्याने आणि क्लाइनने एकेक गाणं घेऊन त्यातले शब्द, त्यांचा अर्थ, त्यामागची परिस्थिती यांवर चर्चा केली. स्टुडिओत वादकांच्या हातात गाण्यांचे शब्द छापलेले कागद दिले, आणि वाजवण्याआधी सगळ्यांनी मिळून त्यांवर बोलणं केलं. गाणार कुणीच नाही अशा वाद्यसंगीताच्या गाण्यांसाठीसुद्धा.

तुला न सापडलेलं 'बोथ साइड्स नाऊ' हे त्यातलंच एक. हे गाणं जोनीने १९६७ साली, तेविशीत लिहिलं. विमानात कादंबरी वाचत होती, पुस्तकातलं पात्रही विमानातून ढग खाली पाहत होतं आणि तिनेही खिडकीतून खाली पाहिलं. तीन कडवी : ढग, प्रेम, आयुष्य. प्रत्येक गोष्ट आधी एका बाजूने दिसते, मग दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी कबुली अशी की दोन्ही बाजू पाहूनही ती गोष्ट मला कळलेली नाही, आठवतो तो फक्त भास. ज्युडी कॉलिन्स या गायिकेने ते आधी गाजवलं, जोनीने १९६९ साली 'क्लाउड्स'वर गायलं.

हॅनकॉकचं वाजवणं आता या अर्थावर ठेवून ऐक. तो सुरुवातीला चाल देतच नाही. कॉर्डचे ढीग येतात, विरतात, लय पकडावी तर ती सुटते. चालीचा एखादा तुकडा दिसतो, दोन-तीन सूर ओळखीचे वाटतात आणि पुढचा कॉर्ड त्यांना झाकून टाकतो. शॉर्टर येतो तोही पूर्ण वाक्य बोलत नाही. तू तीनदा ऐकूनही गाणं सापडलं नाही असं लिहिलं आहेस. गाण्यातल्या बाईचीही तीच तक्रार आहे! तिने ढग पाहिले, तिलाही ते सापडले नाहीत. चाल ठळक वाजवली असती तर ऐकणारा म्हणाला असता, हां, ओळखलं. आणि 'ओळखलं' ही भावना या गाण्याच्या अर्थाच्या नेमकी उलट आहे. माझ्या मते त्या अल्बममधलं सगळ्यात प्रामाणिक वाजवणं हेच आहे, जरी त्यात एकही शब्द नाही आणि चाल जेमतेम आहे.

तिचं गाणं उरतं का, या प्रश्नावर दुसऱ्या टोकाचं उदाहरण त्याच अल्बममध्ये शेवटी आहे. 'द जंगल लाइन' जोनीने १९७५ साली बुरुंडीच्या ढोलवादकांच्या रेकॉर्डिंगवर मूग सिंथेसायझर लावून केलं होतं. हॅनकॉकने ढोल काढले, चालही काढली. कवी-गायक लेनर्ड कोहेन ते शब्द नुसते वाचतो, आणि पियानो त्याच्या बोलण्याच्या मागून चालतो. एका ठिकाणी शब्द पूर्ण गेले, दुसऱ्या ठिकाणी चाल पूर्ण गेली, आणि दोन्ही ठिकाणी कवयित्री जागेवर आहे.

सगळंच तितकं उतरलं आहे असं मला वाटत नाही. टीना टर्नरने 'एडिथ अँड द किंगपिन' ज्या कोरड्या, जाणत्या आवाजात सांगितलं आहे ते अफाट आहे. त्या गाण्यातली माणसं तिने आयुष्यात पाहिली असावीत असं वाटतं. पण शीर्षकाचं गाणं, कॉरीन बेली रेचं 'रिव्हर', मला जरा जास्तच नितळ वाटतं. मूळ गाण्यात अपराधाची जी किरकिर आहे ती तिथे धुतली गेली आहे. शॉर्टर मधूनमधून काहीतरी बोचरं बोलून जातो तेवढंच. अल्बमला २००८ साली वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्याआधी जॅझ अल्बमांपैकी हा मान 'गेट्झ/जिल्बर्तो'ला मिळाला होता, १९६५ मध्ये. पुरस्कारामुळे अल्बम लोकांपर्यंत पोचला हे चांगलंच झालं. शिकण्यासारखं मात्र छापलेल्या कागदांत आहे.

आणखी एक गोष्ट त्या अल्बमवर आहे, तिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. मध्येच 'नेफर्टिटी' येतं, जे जोनीचं नाहीच. ती शॉर्टरची रचना, १९६७ साली माइल्सच्या पाच जणांच्या संचाने रेकॉर्ड केलेली, ज्यात हॅनकॉकही होता. मूळ रेकॉर्डिंगमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, सोलो घेतच नाहीत, आणि खाली पियानो, बेस, ड्रम्स सतत बदलत जातात. खालची साथ फिरत राहते आणि वरची चाल स्थिर, असा उलटा व्यवहार. कडव्याकडव्याने गोष्ट सांगणाऱ्या गाण्यांसाठी याहून चांगला आराखडा मला सापडलेला नाही.

'अमेलिया' घे. 'हेजिरा'वरचं हे गाणं १९३७ साली पॅसिफिक महासागरावर विमानासकट नाहीशी झालेल्या अमेलिया एअरहार्टला उद्देशून आहे. एक बाई एकटी गाडी चालवत वाळवंटातून चालली आहे आणि तिच्याशी बोलते आहे. सात कडवी आहेत, धृपद नाही, आणि प्रत्येक कडवं अमेलियाला म्हटलेल्या त्याच एका ओळीवर येऊन थांबतं : तो नुसता खोटा इशारा होता. आपल्या कानाला हे अजिबात परकं नाही. मुखडा समेवर येतो आणि प्रत्येक वेळी आधीच्या फिरतीमुळे वेगळा भासतो. ठुमरीत बोल-बनाव करणारी गायिका एकच तुकडा दहा वेळा घेते, शब्द तोच, पण एकदा रुसवा, एकदा आर्जव. तुमच्या ट्रायोने 'अमेलिया'ची ती ओळ सात वेळा चालीत जशीच्या तशी वाजवावी आणि तिच्याखालचा कॉर्ड सातही वेळा वेगळा ठेवावा. कोणत्या वेळी कोणता, हे कीबोर्डवर चाचपून ठरवू नका. ते कडवं वाचून ठरवा. पहिल्यांदा तो इशारा खोटा ठरल्याची सुटका असेल, चौथ्यांदा जिवाचा माणूस जवळ नाही याची कळ, सातव्यांदा मोटेलच्या खोलीत नुसता थकवा. हा एकच धडा महिनाभर करा.

तुम्ही तिघं आहात, गाणारं कुणी नाही, म्हणून आणखी काही सांगतो.

पहिले दोन आठवडे वाद्यांना हात लावू नका असं मी म्हणणार नाही, तरुण मुलांना ते जमत नाही. पण प्रत्येक सरावाआधी एकाने गाणं मोठ्याने वाचावं, न गाता, बोलल्यासारखं. जोनी ओळीत गरजेपेक्षा जास्त अक्षरं कोंबते, मग एखाद्या अक्षरावर लांब थांबते. चालीतले लांब-आखूड सूर तिथून आलेले आहेत. ते बोलणं कानात नसेल तर तू ती चाल सरळ चौकटीत बसवशील, आणि ती मेली म्हणून समज. डेक्स्टर गॉर्डनच्या जिवंत मैफलींच्या रेकॉर्डिंग्जमध्ये तो संथ गाणं सुरू करण्याआधी त्याचे शब्द श्रोत्यांना बोलून दाखवताना ऐकू येतो. मग सॅक्सोफोन तोंडाला लावतो, आणि ऐकणाऱ्याला सुरांत शब्द ऐकू यायला लागतात.

सोलोची जागा बदला. हेड, मग पियानोचा सोलो, मग बेसचा, मग पुन्हा हेड, हा साचा इथे गोष्टीच्या मध्ये भिंत घालतो. तीन कडव्यांचं गाणं असेल तर दुसरं कडवंच सोलो करा. म्हणजे चाल सोडा, पण त्या कडव्यात जे घडतं ते तुमच्या उपजेत घडू द्या, आणि तिसऱ्या कडव्याला चालीवर परत या. सोलो संपला की गोष्ट एक पायरी पुढे गेलेली असली पाहिजे. नसेल गेली तर तो सोलो कितीही चमकदार असो, काढून टाका.

डाव्या हाताने कमी बोल. ट्यूनिंगचं वर सांगितलं ते इथे कामाला येतं : खाली सा-प धरून ठेव, बेसवाल्यालाही तिथेच थांबायला सांग, आणि वरचे सूर हलव. पियानोवाल्यांना रिकामी जागा दिसली की भरावीशी वाटते, मलाही वाटते. पियानोवादक ब्रॅड मेलडाऊने १९९८ साली निक ड्रेकचं 'रिव्हर मॅन' वाजवलं ते यासाठी ऐक. मूळ गाणं पाच मात्रांचं, त्याने पाचच ठेवलं, गिटारची ती फिरती लकेर हातात जपली, कॉर्डचा सांगाडा फारसा हलवला नाही. इतक्या कमी बदलातही ते त्याचं झालं आहे, कारण काय हलवायचं नाही हे त्याला कळलं आहे. कीथ जॅरेट या पियानोवादकाने १९६८ मध्येच बॉब डिलनचं 'माय बॅक पेजेस' असंच सरळ, जवळजवळ चर्चमधल्या गाण्यासारखं वाजवलं होतं. 'ब्लू' बाजारात आला त्याच उन्हाळ्यात त्यातलं 'ऑल आय वाँट'ही त्याने बेसवर चार्ली हेडन आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांच्याबरोबर रेकॉर्ड केलं. ट्रायोने हे कसं करावं याचे हे दोन जुने आणि उत्तम नमुने आहेत.

ड्रमरला सांग, ठेका धरण्याआधी गाण्यातली जागा कोणती ते ठरव. गाडी, विमान, बर्फ, हॉटेलची खोली. जोनी चित्रकार आहे, अनेक अल्बमांची मुखपृष्ठं तिची स्वतःची आहेत, आणि तिच्या गाण्यात जागा नेहमी ठरलेली असते. ब्रशेस घ्यायचे की मॅलेट्स, हे जागा ठरल्यावर आपोआप ठरतं.

तुझ्या मधल्या प्रश्नात दडलेला एक प्रश्न राहिला : इतकं बदलण्याचा अधिकार कुणी दिला? याचं मला सुचणारं सगळ्यात चांगलं उत्तर आपल्याकडचंच आहे. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं गाण्याचा कार्यक्रम केला तेव्हा त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. ज्यांची एकेक जागा महाराष्ट्राच्या कानात कोरलेली होती, त्यांची नक्कल त्यांनी केली नाही, आणि त्यांना आपल्या गायकीचं नुसतं निमित्तही केलं नाही. 'उमजलेले' या शब्दात दोन्ही कबुल्या आहेत : हे त्यांचं आहे, आणि उमज माझी आहे. हॅनकॉकनेही अल्बमच्या नावात पत्रं म्हटलं आहे. पत्र लिहिणाऱ्याचं असतं, पण कुणाला तरी लिहिलेलं असतं. तुम्हाला जोनी जेवढी उमजली तेवढीच वाजवा. एखादं गाणं लाडकं आहे पण वाचूनही आत गेलेलं नाही, तर ते या वर्षी वगळा. सहाऐवजी चार वाजवा.

आणि बदलाबद्दल मूळ गायिकेची काय भूमिका आहे तेही ऐकून पाहा. 'बोथ साइड्स नाऊ' तिने पंचविशीत गायलं, हलक्या, उंच आवाजात. पन्नाशी ओलांडल्यावर, २००० साली, व्हिन्स मेंडोझाने बांधलेल्या मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर तेच गाणं तिने बराच खालच्या पट्टीत, धुरकट आवाजात, प्रत्येक शब्दावर थांबत पुन्हा गायलं. तिथेही शॉर्टर आहे. २०१५ साली मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारानंतर तिला चालणं-बोलणं पुन्हा शिकावं लागलं. २०२४ च्या ग्रॅमी सोहळ्यात ऐंशी वर्षांची जोनी खुर्चीत बसून तेच गायली. शब्द जवळजवळ तेच आहेत. तिन्ही एकामागून एक ऐक, आणि मग हॅनकॉकचं चौथं. मला वाटतं या वेळी तुला गाणं सापडेल.

व्यवहाराचं थोडक्यात : कार्यक्रमात वाजवायला सभागृहाकडे किंवा आयोजकांकडे आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आहे का ते आधी विचारून घ्या. रेकॉर्ड करून नेटवर टाकायचं असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या कॉपीराइट कायद्यातली कव्हर व्हर्जनची सवलत मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झाल्यानंतरची आहे, आणि तीही मूळ रचनेत अनावश्यक बदल न करण्याच्या अटीवर. तुम्ही करणार आहात तसा बदल त्यात बसत नाही. त्यासाठी प्रकाशकाची लेखी परवानगी मागावी लागेल, आणि ती कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी मागा.

पुण्यातल्या श्रोत्यांपैकी निम्म्यांना जोनीचे शब्द माहीत नसतील, आणि मंचावर गाणारं कुणी नाही. म्हणून प्रत्येक गाण्याआधी त्याचा आशय चार-पाच वाक्यांत मराठीत सांगा. साल, पुरस्कार, कोणी कोणाबरोबर वाजवलं, यातलं काही नको. ढग खाली दिसताहेत, बर्फ नाही, एक बाई गाडी चालवते आहे, एवढंच. सांगणारा ड्रमर असला तर उत्तम, कारण मग त्याला ते आधी नीट वाचावंच लागेल. सांगून झालं की लगेच वाजवू नका, दोन श्वास थांबा. 'रिव्हर' यादीत ठेवणार असाल तर त्या 'जिंगल बेल्स'च्या सुरांपाशी अजून थोडं जास्त थांबा, आणि ते सूर दूरच्या घरातून येताहेत इतके हळू वाजवा.